पोपटी फेट्याचा मान

तटस्थ म्हणजे मुळात तटावर उभा असलेला. पाण्यात कोणी गटांगळ्या खात असताना जो काठावर कोरड्या पायांनी उभा आहे, तोही तटस्थच. आपल्या दर्शनांनी साक्षीभावाला फार उंच आसन दिले आहे. जो पाहतो पण लिप्त होत नाही, तो श्रेष्ठ. अध्यात्मात ते योग्यच असेल. लग्नाच्या मांडवात मात्र या साक्षीभावाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. तिथे गर्दीत एखाद्या मुलीच्या वाट्याला नको तो हात येतो, चार पुरुषांना तो दिसतो, आणि चौघेही त्याच क्षणी ब्रह्मज्ञानी होतात. कोणी मांडवाच्या झालरीचे निरीक्षण करू लागतो, कोणी किल्ली नसलेल्या घड्याळाला किल्ली देऊ लागतो.

तट सोडून पाण्यात पाय घालणे हा गुण त्यामुळे दुर्मिळ. त्याला धैर्य म्हणावे तर त्यात शस्त्रांचा खणखणाट ऐकू येतो. करुणा म्हणावे तर ती काठावर बसूनही पुष्कळ करता येते. हा गुण मी शिरूर कासारच्या शिवगंगाबाईंच्या ठायी पाहिला. त्यांच्या हाती खणखणणारे काहीच नव्हते. नऊ मीटर कापड होते, आणि तेही कोणी विकत न घेतलेल्या रंगाचे.

बाजारपेठेच्या वळणावर त्यांचे कापडाचे दुकान होते. टोप्या, टॉवेल, उपरणी, शाली आणि फेटे, म्हणजे माणसाचा सत्कार करायला जे जे लागते ते सर्व. ऊसतोडीला गेलेली माणसे परतली की आमच्याकडे लग्नांचा हंगाम उसळतो, आणि लग्न म्हटले की सत्कार आलेच. वधूवरांच्या डोक्यावर अक्षता पडण्याआधी निदान साठ पाहुण्यांच्या डोक्यावर फेटा पडावा लागतो. शिवगंगाबाईंचे पती सिद्धाराम हे फेटे बांधण्यात निष्णात होते. पुढे त्यांचे उजवे मनगट संधिवाताने धरले, आणि भर वैशाखात, ठरलेल्या अकरा लग्नांचा प्रश्न उभा राहिला. शिवगंगाबाईंनी कपाळाला भस्म लावले, गठ्ठा उचलला आणि पहिल्या मांडवात जाऊन उभ्या राहिल्या.

"बाईच्या हातनं फेटा?" असे कोणीतरी म्हणालेच.

"तुमच्या डोक्यावर पहिली कुंची कोणी बांधलती?" बाईंनी विचारले. "आईनंच ना? मंग बसा खाली."

तो बसला. त्यानंतर पंचवीस वर्षे तीन तालुक्यांतले मातब्बर पुरुष त्यांच्यापुढे मान खाली घालून बसत आले. त्यांची पद्धत कडक होती. कापडाचे एक टोक त्या ज्याच्या त्याच्याच दातांत धरायला देत, त्यामुळे बोलणे बंद. पाठीमागून पीळ घालत असताना माणूस किंचित जरी हलला, तरी सगळे उलगडून पुन्हा आरंभापासून. राजकारणातली मोठमोठी तोंडे मी त्या खुर्चीवर पाव तास मिटलेली पाहिली आहेत, आणि त्या पाव तासात भोवतालच्या मंडळींच्या मुद्रेवर एक अलौकिक शांती उतरत असे.

आता त्या रंगाविषयी. सिद्धारामांनी एकदा आंब्याच्या रंगाचे फेटे मागवले होते. व्यापाऱ्याने चुकून पोपटी पाठवले. असा पोपटी, की रात्री वीज गेली तरी दिसावा. तो गठ्ठा वरच्या फळीवर वर्षानुवर्षे पडून होता. फुकट दिला तरी कोणी घेत नव्हते.

ज्या लग्नात तो खाली उतरला, ते चकलांब्याचे. शिरूरच्या वऱ्हाडासोबत शिवगंगाबाईंच्या शेजारचे धर्मराज आले होते, आणि त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी स्वप्नालीही. ती बीडला परिचारिकेचे शिक्षण घेत होती. त्यांच्या भावकीत गावाबाहेर शिकायला गेलेली पहिली मुलगी. धर्मराज सज्जन गृहस्थ, परंतु त्यांनी पाठवतानाच अट घातली होती. मुलीबद्दल एक शब्द जरी कानावर आला, तरी कॉलेज बंद आणि त्याच साली लग्न. शब्द कोणाच्या दोषाने आला याची चौकशी त्या अटीत नव्हती.

स्वप्नाली अक्षतांचे ताट घेऊन पुरुषांच्या बाजूला वाटत होती. एक निळ्या सदऱ्याचा तरुण गर्दीचा आडोसा घेऊन तिच्या मागे उभा राहिला. पुढचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. ती जागा बदलत गेली, तोही बदलत गेला.

हे चौघांनी पाहिले. पहिला बजरंग, तालमीतला गडी, कान फुटलेले. दुसरे निवृत्त शिक्षक रामकिसन गुरुजी. तिसरा हनुमान, जो लग्नांत माईकवर पाहुण्यांची नावे पुकारतो. चौथा मी होतो. मी माझ्या वहाणांकडे पाहत होतो. नंतर कधीतरी मी बाकीच्या तिघांना विचारले. बजरंग म्हणाला, "मारायला मी एका पायावर तयार हुतो. पर सुरुवात कोणीतरी करायला पायजे न." गुरुजी म्हणाले, "पोरगी कोणाची, त्यो कोणाचा, ह्याचा उलगडा झाल्याबिगर आपण कसं बोलावं?" हनुमान म्हणाला, "माझ्या हातात माईक हुता. मी काय बोलणार?"

स्त्रियांनीही पाहिले होते, आणि त्या पुरुषांइतक्या तत्त्वज्ञ नसल्यामुळे काहीतरी केलेही. सुभद्राबाई नावाच्या एक प्रौढ बाई उठल्या, स्वप्नालीचा दंड धरला आणि म्हणाल्या, "तू हिकडं ये. ताट मी धरते." एवढ्यावर ती मुलगी सुटली. परंतु आपल्याकडे बायका मुलीला हलवतात, पुरुष मारामारीच्या मुहूर्ताची वाट पाहतात, आणि तो हात जिथे होता तिथेच मोकळा राहतो. निळा सदरा आता दुसऱ्या एका मुलीच्या मागे जाऊन उभा राहिला.

स्वप्नाली फेट्यांच्या गठ्ठ्यामागे येऊन बसली. शिवगंगाबाईंनी हातातला फेटा पुरा केला, आणि तिच्याकडे न पाहताच विचारले, "काय झालं?"

"काही न्हाई, काकू."

"ते काही न्हाई कोणतंय, ते दाखव."

स्वप्नालीने मान हलवून निळा सदरा दाखवला. मग घाईने म्हणाली, "काकू, आरडाओरडा नका करू. बजरंगदादा उठला तर मारामारी व्हईल. मारामारी झाली की कावून झाली ते समदे विचारतील. आबांच्या कानावर गेलं की माझं कॉलेज गेलं."

"आरडाओरडा कोण करतंय," शिवगंगाबाई म्हणाल्या. "मी माझा धंदा करते."

त्या पुढे झाल्या. "ओ पाव्हणं, निळा सदरा. तुमचा फेटा राह्यला की."

तरुणाने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. "माझा? माझं नाव यादीत हाय?"

"हाय म्हणून तर हाक मारली. नाव सांगा."

"यादीत हाय तर नाव कावून इचारता?"

"माईकवर उच्चार चुकाया नको."

हे उत्तर त्याला पूर्ण पटले. आमच्या जिल्ह्यात माणूस एक वेळ जेवणाला नको म्हणेल, सत्काराला नको म्हणणार नाही. आणि सत्कार कशाबद्दल, हा प्रश्न तर कोणाच्या मनाला शिवतही नाही. त्याने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, गाव, मामांचे नाव, मामांचे गाव आणि न विचारता अडीच एकर जमीन, बोअर धरून, एवढे सगळे सांगितले. त्याचे नाव बिभीषण होते. वर्तन मात्र त्या नावाच्या थोरल्या बंधूंना शोभणारे.

बाईंनी पोपटी कापड काढले. तो जरा दचकला. "ह्यो रंग?"

"ह्यो इस्पेशल पाव्हण्यांचा हाय. आजवर कोणालाच दिला न्हाई." यात असत्य असे काही नव्हते.

टोक त्याच्या दातांत गेले, आणि बांधणी सुरू झाली. पहिल्यांदा उलगडावी लागली, कारण तो हलला. दुसऱ्यांदा उलगडावी लागली, कारण बाईंच्या मते तो हलण्याच्या बेतात होता. "दोनी हात मांडीवर ठेवा, पाव्हणं," त्या शांतपणे म्हणाल्या. "हात सैल सुटले की फेटा बिघडतो. आन् बिघडला की आवळतो. माझ्या हातात न्हाई ते, कापडाचा गुण हाय."

मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. बिभीषण मांडीवर हात ठेवून बसून होता. पाऊण तासाने तो उठला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक छोटे शेतच डोलत होते. हनुमानने त्याचे नाव मामांसकट पुकारले. फेटा बिघडू नये म्हणून उरलेले लग्न तो दोन्ही हात पोटाशी बांधून हिंडला.

दरम्यान शिवगंगाबाईंनी सुभद्राबाईंना एवढेच सांगितले होते: पोपटी दिसला की सावध व्हायचे, लेकीसुनांना सांगायचे, नाव कोणाचे विचारायचे नाही. पंगती उठेपर्यंत ते मांडवातल्या प्रत्येक बाईला ठाऊक झाले. पुरुषांपैकी एकालाही नाही; मलाही ते फार पुढे कळले. या दळणवळणाला माईक लागला नाही.

पुढच्या दोन हंगामांत आणखी सहा जणांना पोपटी मिळाला. लांबून तो दिसला की बायका वाट सोडत, पोरी आत घेत, आणि एखादी आजी मुद्दाम त्याच्या शेजारी बसून त्याला आपल्या गुडघ्यांची साद्यंत कथा ऐकवे. बिभीषणाने तर स्वतःच्या वाढदिवसाला पोपटी फेट्यातल्या छायाचित्राचा फलक करून चौकात लावला. त्यामुळे जी गावे लग्नाला आली नव्हती, त्यांचीही सोय झाली.

बजरंगने एकदा बाईंना विचारले, "मावशे, त्या बिभीषणला इतका मान कावून? त्या दिवशी तर त्यो..." आणि तो थांबला.

"दिसलं हुतं तर तुला."

"मारला असता मी त्याला."

"मारायला कोणी सांगितलं? जाऊन मधी उभा राह्याचं. टाइम इचारायचा."

बजरंग आज्ञाधारक. पुढच्याच लग्नात तो एका इसमाच्या आणि एका मुलीच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि त्याने किती वाजले ते विचारले. इसमाने सांगितले. बजरंगला पुढचे काही शिकवलेले नव्हते, म्हणून त्याने पुन्हा विचारले. सातव्या वेळी तो इसम घड्याळ काढून त्याच्या हातात देऊन निघून गेला. मीही एकदा धीर करून अशाच जागी गेलो आणि पंगत कधी बसणार, असे विचारले. प्रश्न लागू पडला.

सगळे असे सुरळीत चालले असताना मोहनराव दुकानात आले. मोहनराव हे चकलांब्याकडचे पुढारी. त्यांच्या मुलीचे, संस्कृतीचे, लग्न ठरले होते. ते खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "शिवगंगाबाई, आमी सोळा वर्सं राजकारणात हाव. आमाला दर टायमाला गुलाबी. आन् त्या बिभीषणला पोपटी. त्याचं योगदान काय हाय?"

"सांगण्याजोगं न्हाई, दादा."

"इतकं मोठं हाय?" मोहनराव खुर्चीत सरसावले. "ते काही असो. आमच्या घरच्या कार्यात समद्या मानकऱ्यांना पोपटीच पायजे."

"पोपटी संपत आलाय."

"त्याची फिकीर न्हाई. बीडातनं गठ्ठा आणलाय. एकशे एक."

मोहनराव गेल्यावर शिवगंगाबाई बराच वेळ कापडाच्या घड्या घालत राहिल्या. एकशे एक डोकी पोपटी झाली, तर खूण बुडाली. नाही म्हणावे तर कारण सांगावे लागणार. कारण सांगितले की पहिला फेटा कोणामुळे, हे निघणार. आणि स्वप्नालीची शेवटच्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली होती. संध्याकाळी स्वप्नाली स्वतःच आली. तिने सगळे ऐकले होते.

"काकू, तुमी सांगून टाका. माझ्यापायी खूण कावून बुडवायची?"

"खूण काय, दुसऱ्या रंगाची काढू," बाई म्हणाल्या. "तुझं वरीस दुसरं कुठनं काढू? गुमान अभ्यास कर."

आणि त्यांनी फेटे बांधले. सकाळपासून एकशे एक. पुढारी, गुरुजी, सोसायटीचे अध्यक्ष, हनुमान, बजरंग. धर्मराजांनाही. आयुष्यातला तो त्यांचा पहिला सत्कार. त्यांनी त्यासाठी नवे धोतर घेतले होते.

त्या लग्नाचे वर्णन मी यथाशक्ति करतो. बाहेरगावच्या बायका वऱ्हाडाच्या गाड्यांतून उतरल्या, मांडवाच्या दारात आल्या आणि थबकल्या. आत सगळे रान पोपटी होते. मोहनरावांची हौस त्यांना कोणी सांगितली नव्हती. त्यांनी एकमेकींकडे पाहिले, लेकीबाळींचे हात धरले, आणि सुमारे हजार बायका अत्यंत शिस्तीने मांडवाच्या बाहेर, उन्हात, लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. बहुतेक बाहेर बांधलेल्या नवरदेवाच्या घोड्यावर पडल्या.

छायाचित्राच्या वेळी मोहनरावांच्या पत्नी प्रियदर्शनीबाई त्यांच्यापासून दोन हात लांब उभ्या राहिल्या.

"जवळ या की," मोहनराव म्हणाले.

"हाय तिथं बरी हाय."

"कावून?"

"तुमी काय केलं, ते आधी सांगा."

"सोळा वर्सं राजकारण केलं."

"त्याबिगर काय केलं?"

छायाचित्र दोन हातांच्या अंतरासह निघाले. ते आजही त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

धर्मराज पाणी मागायला लिंबाखाली गेले, तेव्हा एका म्हातारीने तांब्या जमिनीवर ठेवला आणि ती मागे सरली. त्यांना वाटले, म्हातारी भ्रमिष्ट असेल. मग त्यांना पुढे स्वप्नाली दिसली. ती हातात ताट घेऊन पाठमोरी उभी होती. ते जवळ आले, तशी तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून पोपटी रंगाची चाहूल लागली असावी. मागे कोण आहे हे न पाहताच तिने पदर सावरला, खांदा आत घेतला, ताट छातीशी धरले आणि दोन पावले बाजूला झाली. या सगळ्याला एका श्वासाइतका वेळ लागला. फार सरावाचे काम होते ते.

धर्मराज तिला हाक न मारताच मागे फिरले आणि फेट्यांच्या खुर्चीपाशी आले.

"वहिनी, ह्या रंगात काय हाय?"

शिवगंगाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "ज्याचा हात गर्दीत सैल सुटतो, त्याला ह्यो रंग, भावजी. बायांना कळावं म्हणून. आज मोहनरावदादांच्या हौसेपायी समद्यांनाच मिळाला."

धर्मराजांचा हात डोक्याकडे गेला. "मंग म्या काय केलं?"

"काय न्हाई केलं. पोरींनीबी काय केलेलं नसतं."

धर्मराज खुर्चीत बसले. मांडवात हनुमान नावे पुकारत होता. उठून जाणाऱ्या पोपटी फेट्यांचे तुरे एकमेकांत अडकत होते.

"पहिला कोणासाठी बांधलता? पोरगी कोणाची हुती?"

"हाच सवाल चकलांब्याच्या मांडवात बघणाऱ्या चौघांना पडलता. उत्तर येईस्तोर चौघंबी बसून राह्यले."

"माझ्या वळखीची हाय का?"

"असली तर काय करताल?"

"तिच्या बापाला सांगीन."

"काय सांगताल?"

धर्मराज लिंबाकडे पाहत होते. तिथे त्यांची मुलगी अजूनही ताट छातीशी धरून उभी होती. "सांगीन," ते सावकाश म्हणाले, "की पोरीचं कालेज बंद करू नगंस."

शिवगंगाबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. "मंग सांगा. ऐकंल तो. समजूतदार हाय." धर्मराज पाणी प्याले, त्यांनी आपला फेटा स्वतःच उलगडला, त्याची चार घड्यांची घडी केली आणि काखेत घेऊन ते उघड्या डोक्याने लिंबाकडे गेले. ते मुलीशी काय बोलले, ते मला ठाऊक नाही. महिन्याने स्वप्नालीने परीक्षा दिली. निकाल लागला त्या दिवशी धर्मराजांनी पेढे वाटले, आणि पहिला पुडा शिवगंगाबाईंच्या दुकानात नेऊन ठेवला.

मोहनरावांना अखेरपर्यंत काही कळले नाही. त्या दिवशी स्त्रिया आपल्यापासून अंतर राखून होत्या त्या आदरापोटी, असे ते अजूनही भाषणांत सांगतात.

पुढच्या हंगामापासून खूण बदलली. ती कोणती, हे पुरुष असल्यामुळे मला ज्ञात नाही, आणि मी विचारलेही नाही. बजरंग मात्र अजूनही वेळ विचारत हिंडतो.

शिवगंगाबाईंना जाऊन दोन वर्षे झाली. दुकान त्यांचा मुलगा महारुद्र पाहतो. तिथे पोपटी कापड मिळत नाही. एक पोपटी फेटा स्वप्नालीच्या घरी, चार घड्या घातलेला, कपाटात आहे. ती आता गेवराईकडे परिचारिका आहे, आणि तिला फेटा बांधता येतो.